आकड्याआधी खोकल्याची रेघ बघा

तुम्ही भंडाऱ्याहून लिहिलंय. बाबा ६८ वर्षांचे, वर्षभरापासून लघवीची धार बारीक झालेली, रात्री चार-पाचदा उठावं लागतं. नागपुरात दोन महिन्यांच्या अंतराने दोन ठिकाणी त्यांची युरोडायनॅमिक तपासणी झाली, म्हणजे नळ्या घालून मूत्राशयातला दाब आणि लघवीची धार मोजली. पहिल्या रिपोर्टात लिहिलंय ‘अडथळा आहे’, दुसऱ्यात ‘मूत्राशयाची ताकद कमी, अडथळा अनिश्चित’. दोन्हीकडे कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र होतं. मग इतका फरक पडलाच कसा, खरं कोणाचं मानायचं, आणि बाबांना तिसऱ्यांदा त्या नळ्या घालून घ्यायला लावायचं का, हे तुमचे तीन प्रश्न.

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही पाठवलेले दोन्ही ग्राफ मी शेजारी शेजारी ठेवून पट्टी लावून बघितले. बाबांचं मूत्राशय दोन्ही दिवशी जवळजवळ सारखंच वागलंय. वेगळं होतं ते मोजणं. एका ठिकाणी गुदाशयातली नळी धड काम करत नव्हती, दुसऱ्या ठिकाणी सुरुवातीचा झिरो चुकला होता. हे मला रिपोर्टातल्या आकड्यांवरून कळलं नाही, ग्राफच्या डाव्या टोकाला, नळीने मूत्राशयात सलाईन भरायला सुरुवात होण्याआधीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटावरून कळलं. ते कसं, हे तुम्हालाही दिसावं म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी डॉक्टर नाही, बायोमेडिकल इंजिनिअर आहे. १९९८ पासून नागपुरात, धंतोली-रामदासपेठेच्या त्या दवाखान्यांच्या गल्ल्यांमध्ये, दाब मोजणाऱ्या यंत्रांशेजारी बसतोय. ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे युरॉलॉजिस्टच सांगतील. ग्राफ विश्वास ठेवण्याजोगा आहे की नाही, एवढं मी सांगू शकतो.

लघवी करताना दोन गोष्टी घडतात. मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो आणि बाहेरचा रस्ता उघडतो. धार बारीक असेल तर एकतर रस्ता अरुंद आहे, म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली, नाहीतर स्नायूच थकला आहे. बाहेरून बघून दोन्ही सारखंच दिसतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठं दिसलं तरी तेच कारण असेल असं नाही. फरक कळतो तो आतल्या दाबावरून: दाब जास्त आणि धार कमी तर अडथळा, दाबही कमी आणि धारही कमी तर स्नायू कमजोर. म्हणून ही तपासणी.

आता खरी अडचण. मूत्राशय काही एकटं लटकत नाही, ते पोटात आहे. माणूस खोकला, कुंथला, बोलला, नुसता कुशीवर वळला तरी पोटाचा दाब मूत्राशयावर पडतो. मूत्राशयातल्या नळीला जो दाब कळतो त्यात स्नायूचा दाब आणि पोटाचा दाब दोन्ही मिसळलेले असतात. ते वेगळे करायला दुसरी नळी गुदाशयात ठेवतात, ती फक्त पोटाचा दाब सांगते. कॉम्प्युटर एकातून दुसरा वजा करतो आणि उरलेली तिसरी रेघ काढतो. मूत्राशयाच्या स्नायूचा दाब म्हणून रिपोर्टात जो आकडा येतो तो कुठेही थेट मोजलेला नसतो. ती वजाबाकी आहे. दोन नळ्यांपैकी एक जरी खोटं बोलली तरी तिसरी रेघ खोटीच निघते, आणि पडद्यावर ती तितकीच सुंदर दिसते.

नळीतून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास छोटा आहे, पण नाजूक. मूत्राशयात जाणारी नळी साधारण ६ फ्रेंच, म्हणजे २ मिलिमीटर जाडीची. तिच्यात पाणी भरलेलं असतं. आतला दाब त्या पाण्यातून बाहेर स्टँडवरच्या ट्रान्सड्यूसरपर्यंत येतो. तिथे एक पातळ पडदा किंचित वाकतो, पडद्यावरच्या रोधकांचा रोध बदलतो आणि त्यातून वीज निघते. किती, तर अगदी थोडी. एकदा वापरून टाकायच्या ट्रान्सड्यूसरचं ठरलेलं माप आहे: दर व्होल्ट पुरवठ्याला, दर मिलिमीटर पाऱ्यामागे ५ मायक्रोव्होल्ट. ५ व्होल्ट दिले आणि मूत्राशयात ५० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब असला तर हाती येतं १ मिलीव्होल्टपेक्षाही कमी. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या दीड हजाराव्या हिश्श्याहून लहान. तेवढ्याशा इशाऱ्याला मोठं करून, सेकंदाला निदान १० वेळा मोजून, कॉम्प्युटर रेघ ओढतो. तो यात कुठे चुकत नाही. माझ्या इतक्या वर्षांत कॉम्प्युटरने वजाबाकी चुकवलेली मी एकदाही पाहिली नाही. चुकतं ते पाणी, नळी, स्टँड आणि आमचा हात.

झिरो म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या रिपोर्टाचं उत्तर त्यात आहे. दाब नेहमी बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतात. तपासणी सुरू करण्याआधी ट्रान्सड्यूसरची तोटी हवेकडे उघडायची आणि यंत्राला सांगायचं, हा शून्य. एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं होतं, मुंबईचं मशीन समुद्रकाठी, आपलं नागपूर ३०० मीटर उंचावर, मग आकडे वेगळे येत असतील ना? प्रश्न चांगला होता. उत्तर नाही असं आहे, कारण इथल्या हवेलाच आपण शून्य म्हणतो. पण झिरो एकदा चुकला की तो चुकीचा शून्य तपासणी संपेपर्यंत प्रत्येक आकड्यात बसून राहतो.

दुसरी गोष्ट उंची. ट्रान्सड्यूसर जांघांच्या मधल्या कडक हाडाच्या, म्हणजे प्युबिक हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीत असायला हवा. तो १० सेंटीमीटर खाली सरकला की दाब १० सेंटीमीटर जास्त दिसतो. नळीतल्या पाण्याचंच वजन, दुसरं काही नाही. पेशंट झोपून उठून बसला की त्याचं हाड वर येतं, स्टँड तिथेच राहतो. सकाळी फरशी पुसताना कोणी स्टँड हलवला तरी तेच. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात लकडगंजातून आणलेली सागाची एक पट्टी उभी असते, १ मीटर उंच, ०, ५० आणि १०० वर लाल रंगाच्या रेघा. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत पाणी भरलेली नळी शून्याच्या रेघेला धरतो, मग ५० ला, मग १०० ला. पडद्यावर तेच आकडे उमटले पाहिजेत, एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरचा फरक चालतो. यंत्राबरोबर कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजमाप तपासल्याचा कागद येतो, त्यावर सहीशिक्का असतो. पण त्या दिवशीचं सत्य मला ही पट्टी सांगते. ज्या मुलामुलींना मी हे काम शिकवतो, त्यांनी पहिला महिना फक्त पट्टी धरायची असा माझा नियम आहे.

तिसरी गोष्ट खोकला. दोन्ही नळ्या लागल्यावर पेशंटला खोकायला सांगतात. खोकल्याचा धक्का अख्ख्या पोटाला बसतो, म्हणून मूत्राशयाच्या आणि गुदाशयाच्या रेघेवर सारख्याच उंचीचे दोन सुळके उठले पाहिजेत. वजाबाकीच्या रेघेवर जवळपास काहीच नको, फार तर बारीकसा वर-खाली झटका. एक सुळका बुटका आला तर त्या नळीत काहीतरी अडलंय. बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडाही खोकल्याचा धक्का गिळून टाकतो. नाहीतर नळीचं तोंड मळाला किंवा आतल्या भिंतीला टेकलेलं असतं. सलाईनची बारीक पिचकारी मारून नळी मोकळी करायची, पुन्हा खोकायला लावायचं. मी दर मिनिटाला खोकायला सांगतो. पेशंट कंटाळतात. “इतकं काहून खोकायला लावता भाऊ?” असं एकदा तरी विचारतातच. मी पडदा त्यांच्याकडे वळवतो आणि दोन सुळके दाखवतो. मग न सांगता खोकतात. लघवी संपल्यावरही एकदा खोकणं लागतंच, कारण धारेबरोबर नळी बाहेर घसरून आली असेल तर शेवटचे सगळे आकडे वाया गेलेले असतात, आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही.

आता बाबांचे ग्राफ. दोन्हीकडे ते बसलेले होते. बसलेल्या माणसात सुरुवातीला दोन्ही नळ्यांचा दाब १५ ते ४० सेंटीमीटर पाण्याइतका असतो. पहिल्या रिपोर्टात मूत्राशय २९, गुदाशय १७. दुसऱ्यात मूत्राशय २४, गुदाशय ३५. चारही आकडे एकेकटे पाहिले तर मर्यादेत आहेत, म्हणून कोणाला खटकले नसावेत. पण मूत्राशय आणि गुदाशय एकाच पोटात आहेत. मूत्राशय रिकामं असताना त्यांच्यातला फरक बहुतेक माणसांत ० ते ६ असतो, क्वचित १० पर्यंत जातो. तुमच्या पहिल्या ग्राफमध्ये तो अधिक १२ आहे, दुसऱ्यात उणे ११. उणे ११ चा अर्थ काय लावणार? स्नायूचा दाब शून्याखाली जात नाही.

मग खोकला बघितला. पहिल्या ग्राफमध्ये गुदाशयाचा सुळका मूत्राशयाच्या सुळक्याच्या जेमतेम निम्मा आहे, आणि पूर्ण तपासणीभर तसाच राहिला. म्हणजे ती नळी सुरुवातीपासून दबलेली होती, कोणी मोकळी केली नाही. दुसऱ्या ग्राफमध्ये दोन्ही सुळके अगदी बरोबरीचे आहेत. तिथे नळ्या उत्तम होत्या. फक्त गुदाशयाची रेघ पूर्ण वेळ ११ ते १२ ने वर चढून बसली आहे. हा झिरोचा दोष.

आता रिपोर्टाच्या निकालाकडे या. पुरुषांमध्ये अडथळ्यासाठी एक सोपं गणित वापरतात. धार सर्वात जास्त असतानाचा स्नायूचा दाब घ्यायचा, त्यातून त्या धारेची दुप्पट वजा करायची. उत्तर ४० च्या वर तर अडथळा, २० च्या खाली तर नाही, मधलं अनिश्चित. ताकदीसाठी त्याच दाबात धारेची पाचपट मिळवायची. १०० च्या खाली कमजोर, १०० ते १५० ठीक. पहिल्या रिपोर्टात दाब ६२, धार सेकंदाला ७ मिली. ६२ वजा १४, म्हणजे ४८: अडथळा. ताकद ९७, म्हणजे जवळपास ठीक. दुसऱ्यात दाब ३८, धार ८. ३८ वजा १६, म्हणजे २२: अनिश्चित. ताकद ७८: कमजोर. कॉम्प्युटरने दोन्हीकडे गणित बरोबर केलंय.

आता सुरुवातीचा दोष काढून टाका. पहिल्याच्या ६२ मधून १२ वजा केले तर ५०. दुसऱ्याच्या ३८ मध्ये ११ मिळवले तर ४९. २४ चा फरक १ वर आला. अडथळ्याचा आकडा पहिल्यात ३६, दुसऱ्यात ३३. ताकद ८५ आणि ८९. दोन्ही रिपोर्ट एकच सांगतात: स्नायू थोडा थकलेला, अडथळा मधल्या पट्ट्यात पण वरच्या टोकाकडे.

इथे एक सावधगिरी. ही बेरीज-वजाबाकी दुसऱ्या रिपोर्टाला चालते, कारण तिथला दोष सरळ आणि स्थिर आहे. पहिल्याला ती अंदाजापुरतीच. दबलेल्या नळीला बाबांचं कुंथणं पुरतं कळलंच नसणार. लघवी करताना ते कुंथले असतील, आणि या वयात बारीक धारेचे बहुतेक पुरुष कुंथतात, तर तो पोटाचा जोर स्नायूच्या खात्यात जमा झाला. म्हणजे खरा दाब ५० पेक्षाही कमी असू शकतो. त्यामुळे दोनपैकी एकच कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा असेल तर दुसरा ठेवा, आणि त्यातला उणे ११ त्यांना बोटाने दाखवा. त्यांना एका नजरेत कळेल.

कॉम्प्युटरने स्वतःहून लावलेल्या खुणा हा आणखी एक विषय, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची. एका पेशंटचा पाय लघवीच्या फनेलच्या स्टँडला लागला. धार मोजणारा काटा वजनावर चालतो, त्याने तो धक्का धार समजून उंच सुळका काढला आणि सॉफ्टवेअरने सर्वात जास्त धारेची खूण नेमकी तिथेच लावली: १९. दाब ५५. गणित १७ आलं, ‘अडथळा नाही’ असा रिपोर्ट गेला, आणि मी त्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, की अडथळा नाही तर लघवी झाल्यावर १८० मिली मागे कसं राहतं? मी ग्राफ उघडला. सुळका अर्धा सेकंदही टिकलेला नव्हता. खरी धार ८ होती आणि गणित ३९. तो माणूस गोंदियाला परत निघून गेला होता, आणि चुकीच्या कागदासह गेला होता. मी त्याला फोन करून बोलावून नवा रिपोर्ट हातात दिला. तेव्हापासून यंत्राने लावलेली प्रत्येक खूण मी आधी पुसतो आणि स्वतः लावतो. दोन सेकंद टिकत नाही ती धार नाही, हा नियम आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. तुमच्या दोन्ही ग्राफमध्ये धारेच्या खुणा मला योग्य जागी दिसल्या, त्याची काळजी करू नका.

आकड्याच्या मागे जाण्याचा माझा आग्रह एका लहान मुलीमुळे जास्त पक्का झाला. गडचिरोलीकडची, ६ वर्षांची, पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष. अशा मुलांमध्ये मूत्राशयातला दाब हा मूत्रपिंडाच्या जिवाचा प्रश्न असतो. १९८१ साली मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लघवी गळण्याच्या वेळी ज्या मुलांच्या मूत्राशयातला दाब ४० सेंटीमीटरच्या वर होता त्यांच्या वरच्या मूत्रमार्गाचं नुकसान कितीतरी जास्त होतं. तो ४० चा आकडा तेव्हापासून आमच्या खोल्यांमध्ये ठाण मांडून आहे. या मुलीच्या आधीच्या रिपोर्टात १२० मिली भरल्यावर दाब ४४ लिहिला होता. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करण्याचं ऑपरेशन सुचवलं होतं. आई-वडील ते मनाशी ठरवूनच आले होते.

मी आधी त्या रिपोर्टाच्या खालची बारीक अक्षरं वाचली. भरण्याचा वेग मिनिटाला ५० मिली. तो मोठ्या माणसाचा वेग. ६ वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात २०० मिलीच्या आसपास मावतं. चार मिनिटांत ते ठासून भरायचं म्हटलं तर कुठलंही मूत्राशय ताठ होईल. आम्ही मिनिटाला १० मिली लावलं. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइलवर कार्टून बघत होती. मी पंपाचा आवाज ऐकत पडद्याकडे बघत बसलो. १२० मिलीला १६. मग मुद्दाम वेग वाढवून पाहिला, रेघ लगेच वर निघाली. ३८ वर पोचल्यावर पंप बंद केला आणि हात मांडीवर ठेवून थांबलो. तीन मिनिटांत रेघ हळूहळू उतरत १८ वर आली. दाब मूत्राशयाचा कमी आणि पंपाचा जास्त होता. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, औषध आणि ठरलेल्या वेळी नळीने लघवी काढणं सुरू ठेवलं, दर सहा महिन्यांनी तपासणी. ती मुलगी आता शाळेत जाते. तिचा ग्राफ मी शिकणाऱ्यांना दाखवतो, नाव झाकून.

झिरो आणि उंचीचं हेच गणित शरीरातल्या इतर दाबांनाही लागू आहे. आयसीयूत मनगटाच्या धमनीत सुई घालून रक्तदाब मोजतात, तिथे ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीत हवा. १० सेंटीमीटर खाली गेला तर रक्तदाब ७ मिलिमीटरने जास्त दिसतो, आणि पेशंट खरोखर खालावत असताना मॉनिटर ठीक सांगत राहतो. अन्ननलिकेच्या तपासणीत एकाच बारीक नळीवर सेंटीमीटर-सेंटीमीटरवर ३६ सेन्सर असतात आणि कॉम्प्युटर रेघांऐवजी रंगीत नकाशा काढतो. तिथेही घोट गिळण्याआधीचा शांत भाग नीट नसेल तर पुढच्या रंगांना अर्थ नाही. यंत्र बदलतं, सुरुवातीचं अर्धं मिनिट बदलत नाही. १८४७ च्या सुमारास कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ पहिल्यांदा ओढली, तेव्हाही ती रेघ कुठून सुरू झाली हे आधी बघावं लागत असणार.

आता तिसरा प्रश्न, तपासणी पुन्हा करायची का. माझं मत: लगेच नको. आधी डॉक्टरांना दुसरा ग्राफ सुरुवातीचा दोष धरून पुन्हा वाचायला सांगा. त्याबरोबर एक साधी धार-तपासणी करून घ्या, त्यात कुठलीच नळी नसते. बाबा घरी जशी करतात तशी बंद दाराआड लघवी करतील, यंत्र फक्त धार मोजेल, आणि नंतर सोनोग्राफीत किती शिल्लक राहिली ते बघतील. तुम्ही लिहिलंय की बाबा म्हणाले, “इतके लोक पाहून राहिले, मग कशी होईन?” ही तक्रार नाही, महत्त्वाची माहिती आहे. नळ्या लावून, अनोळखी माणसांसमोर, अनेकांना मोकळेपणी लघवी होतच नाही. मोकळी धार १३ आली आणि तपासणीतली ८, तर त्या ८ वरून काढलेल्या कुठल्याही निष्कर्षाला कमी वजन द्यावं लागेल. दोन्ही ८ आल्या तर दुसरा रिपोर्ट जास्त भरवशाचा.

एवढं करूनही डॉक्टरांना पुन्हा तपासणी हवीच असेल तर पहिल्या वेळचं टाळता येण्यासारखं टाळा. आदल्या दिवशी बाबांचं पोट साफ झालेलं असू द्या. गुदाशयातली नळी मळाला टेकली तर पहिल्या रिपोर्टासारखंच होईल. लघवीत जंतुसंसर्ग नाही याची तपासणी आधी करून घ्या, संसर्ग असताना ही चाचणी करत नाहीत. रोजची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारून घ्या. मे महिन्यात येत असाल तर भंडाऱ्याहून एसटीत तासभर तापत याल आणि मूत्राशय रिकामं घेऊन पोचाल. सकाळची गाडी धरा, पाणी पीत या, दवाखान्यात थोडं बसा. हिवाळ्यात येत असाल तर सिस्टरला एवढंच विचारा, सलाईनची बाटली थंडगार तर नाही ना? गार सलाईन आत गेलं की मूत्राशय मधेच आकुंचन पावू शकतं, मग ते ग्राफवर आजारासारखं दिसतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत बाटल्या तासभर आधी खोलीत आणून ठेवतात.

आणि खोलीत गेल्यावर, यंत्र चालवणाऱ्याला न घाबरता विचारा: झिरो हवेवर केला का, आणि खोकल्याचे दोन सुळके सारखे येतात का, जरा दाखवता? रागावणारे फार थोडे भेटतील. यंत्राशेजारी बसणाऱ्या बहुतेक माणसांना हा प्रश्न कोणी कधी विचारत नाही, आणि विचारला तर ते खुर्ची सरकवून पडदा तुमच्याकडे वळवतात. लघवी होईपर्यंत डॉक्टर आणि एक माणूस सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबावं, असंही सांगा. बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवायला सांगा, पाण्याच्या आवाजाने अनेकांना सोपं जातं. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होऊ शकते, पाणी भरपूर द्या. ताप आला किंवा थंडी वाजली तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

नवीन ग्राफ झाला तर त्याचा पूर्ण प्रिंट मागून घ्या, फक्त निकालाचं पान नको. डाव्या कडेचं पहिलं अर्धं मिनिट आणि लघवी झाल्यानंतरचा खोकला, एवढे दोन तुकडे फोटो काढून पाठवले तरी मी बघून सांगेन.